नवा अल्बम: प्रकल्प नोंदी (पॉप-पंक, म्हणजे वेगवान पण गुणगुणता येणारं रॉक; ११ गाणी, अर्ध्या तासाच्या आत)

८ जानेवारी

ठरलं एकदाचं. ११ गाणी आणि एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आत. ड्रमरचं म्हणणं होतं की एवढं करतोच आहोत तर निदान ४५ मिनिटांचा माल तरी टाकू, मी म्हटलं रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम बघ, १४ गाणी आणि सगळं मिळून २९ मिनिटं, डिसेंडंट्सचा १९८२ चा पहिला अल्बम तर २२ मिनिटांत १५ गाणी उरकून मोकळा होतो. या प्रकारात लांबण लावली की ऐकणारा सुटलाच हातातून. तो गप्प बसला, म्हणजे पटलं असं नाही, पण गप्प बसला.

नोंदी बँडसाठीच ठेवतोय. दोन-तीन महिन्यांनी मिक्सच्या वेळी (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवताना) कोणीतरी विचारणारच की हे असं का केलं, तेव्हा तीच भांडणं परत नकोत. गिटार माझी, रेकॉर्डिंग आणि मिक्सही माझ्याच गळ्यात. मास्टरिंग (मिक्स झाल्यावर आवाजावरचा शेवटचा हात) बाहेर द्यायचं, यावर मी ठाम आहे, कारण इतके दिवस तीच गाणी ऐकून कान पार बधिर झालेले असतात आणि ताज्या कानाचा माणूस लागतोच.

सगळ्यांना एकच गोष्ट आधी सांगून ठेवलीय: फास्ट वाजवलं म्हणून फास्ट ऐकू येत नाही. सूर सुरू कधी होतो याची काळजी सगळेच घेतात, तो थांबतो कधी ते कोणी बघत नाही. या अल्बममध्ये आपण तेच बघायचं.

१४ जानेवारी

टेम्पो. प्रॅक्टिसला अंगात येतं त्यामुळे डेमोत बरीचशी गाणी १९० बीपीएमच्या (मिनिटाला १९० ठोके) आसपास गेलेली. शांतपणे ऐकायला बसलो तर गंमत अशी की १९० वालं गाणं १७६ वाल्यापेक्षा जड वाटतंय. हिशोब मांडला. १८० बीपीएमला एक ठोका ३३३ मिलिसेकंदांचा, त्याचा अर्धा १६७, पाव ८३. म्हणजे जिथे पाव ठोक्याची भरभर वाजवणी आहे तिथे ८३ मिलिसेकंदांत तार छेडायची, वाजू द्यायची आणि बंदही करायची. बंद करायला वेळच उरला नाही की एक सूर पुढच्यावर सांडतो, त्यात क्रॅश सिंबल (ड्रम्सची मोठी झांज) दोन-तीन सेकंद घुमत राहतो, मग सगळा मिळून एक सलग गोंगाट होतो आणि सलग गोंगाटात वेग कळतच नाही.

म्हणून तीन गाणी खाली आणली, १७२ ते १७८ च्या मध्ये. एक मात्र उलट २०० वर नेलं कारण त्यात गिटार फक्त अर्ध्या ठोक्यांवर आहे, मोकळी जागा भरपूर, तिथे खेचता येतं. डाउनस्ट्रोकनेच (फक्त वरून खाली फटका) वाजवणार मी ते. रामोन्सचा गिटारवाला जॉनी रामोन सगळं डाउनस्ट्रोकने वाजवायचा हे आपण फॅन लोक उगाच फुशारकीने सांगतो, पण १८० ला सेकंदाला सहा डाउनस्ट्रोक होतात आणि २०० ला जवळपास सात, एका गाण्यानंतर मनगट बोलायला लागतं. अप-डाउन केलं तर सोपं जातं पण खालून वर मारलेला फटका हलका पडतो, आणि दर दुसरा सूर पातळ झाला की सगळा रोख जातो.

क्लिकवरून (रेकॉर्डिंगला कानात वाजणारी टेम्पोची टिकटिक) वाद झाला. ड्रमरला क्लिक नको, म्हणे जीव जातो गाण्याचा. तोडगा असा निघाला की क्लिक ठेवायचा पण सरळसोट नाही, कोरसला (ध्रुवपदाला) दोन-तीन बीपीएम वर आणि परत व्हर्सला (कडव्याला) खाली. तसंही तो जोशात येऊन तेवढं पळतोच, मग तेच लिहून ठेवलं.

२१ जानेवारी

शब्द. मराठीत हा प्रकार गायचा तर एक अडचण सगळ्यात आधी आडवी येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यामुळे जातो-येतो-पाहतो करत यमक फुकटात जुळत जातं, आणि फुकटातलं यमक दुसऱ्या ओळीलाच ओळखू येतं, तिसऱ्या ओळीला ऐकणारा आपल्या आधी म्हणून मोकळा. गायकाला अट घातली, कोरसच्या मुख्य ओळीचा शेवट क्रियापदावर करायचा नाही. पहिले दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग जे घेऊन आला ते खरंच भारी आहे, ओळी अर्ध्यात तुटतात, माणूस भांडताना बोलतो ना तसं.

दुसरी गोष्ट, वरच्या पट्टीत लांबवायचा शब्द आ किंवा ओ वर संपला पाहिजे. ई वर ताणलं की गळा आवळतो आणि माइकमध्ये नुसती शिट्टी येते. 'ओ-ओ-ओ' चा या प्रकारात एवढा सुळसुळाट का, तर आळस हे एक कारण आहेच पण सोपा मोकळा स्वर हे त्याहून मोठं.

विषयांवर पण बोललो. आमच्यातले दोघं बाप झालेत, आता 'घरच्यांना माझं काही कळतच नाही' छाप गाणं कुठल्या तोंडाने गाणार. पण मोठं झालं म्हणून हा प्रकार सोडायचा असंही नाही. ब्लिंक-१८२ चा २०२३ चा अल्बम घ्या, त्यांचा गिटारवाला टॉम डिलाँग २०११ नंतर पहिल्यांदा पूर्ण अल्बमवर परत आला, मधल्या काळात मार्क हॉपसला कॅन्सर होऊन गेलेला, ड्रमर ट्रॅव्हिस बार्करचा २००८ चा विमान अपघात त्याआधीचा, आणि ते तिघं त्याच उड्या मारणाऱ्या चालीत याबद्दलच गातात. चाल पोरकट असली तरी चालते हो, माणूस पोरकट असल्याचं सोंग नको.

२ फेब्रुवारी

ड्रम्स, पहिला दिवस. अर्धा दिवस नुसता ट्यूनिंग आणि माइक लावण्यात गेला आणि तो जायलाच हवा होता.

ओव्हरहेडचे (ड्रम्सच्या वर टांगलेले) दोन माइक स्नेअरपासून (मधला खणखणीत ड्रम) सारख्या अंतरावर पाहिजेत, दोरी धरून मोजलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद. एक माइक तेवढा लांब राहिला तर स्नेअर एका बाजूला एक मिलिसेकंद उशिरा पोचणार, दोन्ही बाजू मिळवल्या की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि स्नेअर पुठ्ठ्यासारखा लागतो. नंतर इक्वलायझर फिरवून ते भरून येत नाही, कारण तिथे वाढवायला काही शिल्लकच नसतं.

मग ड्रमरशी खरी लढाई. सिंबल हळू, ड्रम जोरात. त्याची सवय बरोबर उलटी, आणि लाइव्हला ती शोभून पण दिसते, हात वरून येतो, लोक खूश होतात. रेकॉर्डिंगला मात्र सिंबलचा आवाज टॉम ड्रमच्या माइकमध्ये, स्नेअरच्या माइकमध्ये, सगळीकडे शिरतो, मग स्नेअर वाढवायला जावं तर सिंबलच वाढतो. त्याला सिंबल थोडे उंच करून दिले, हात तिथपर्यंत पोचेस्तोवर आपोआप जोर कमी झाला. यावर तो जाम खूश आहे कारण त्याला वाटतंय की उंच सिंबल भारी दिसतात म्हणून केलं. राहू दे तसंच.

कोरसमध्ये क्रॅशवर बडवत बसायचं नाही हे पण ठरलं. उघड्या हाय-हॅटवर (दोन झांजांची जोडी) जायचं, आणि क्रॅश फक्त पहिल्या मात्रेला. दोन गाण्यांत त्याने ऐकलं नाही आणि ती दोन गाणी त्याचीच बरोबर निघाली, शेवटचा कोरस आहे, तिथे पसरलेलं चांगलं वाटतं.

३ फेब्रुवारी

ड्रम्स संपले. एडिटिंगचं धोरण: प्रत्येक ठोका रेषेवर ओढून बसवायचा नाही. प्रत्येक ओळीची पहिली मात्रा जागेवर, मधलं जसं पडलंय तसं. फिल्समध्ये (दोन भागांमधले ड्रमचे छोटे तुकडे) तो किंचित पुढे पळतो, ते हवंय मला.

११ फेब्रुवारी

बेस. बेसवाली तयारी करून आली होती, दोन सेशनमध्ये निपटारा. नवीन तारा, पिक (तार छेडायची पट्टी), आणि डायरेक्ट सिग्नलच्या जोडीला थोडा फाटलेला, म्हणजे डिस्टॉर्शनचा, अँप. या प्रकारात बेस बोटांनी वाजवला तर गोड लागतो पण गिटारच्या खाली गाडला जातो, पिकचा तो टक-टक आवाजच वेग सांगतो ऐकणाऱ्याला.

आपण सगळं अर्धा सूर खाली लावतो, ई-फ्लॅटला (गायकाची सोय, बाकी काही तात्त्विक कारण नाही). म्हणजे बेसची सगळ्यात जाड तार ३९ हर्ट्झ, गिटारची ७८. गिटारवाल्याला, म्हणजे मला, ते ७८ फार आवडतं आणि मिक्समध्ये ते जवळपास सगळं कापायचंय, ती जागा बेसची. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस मात्र दोघंही एकाच दारातून एकदम घुसू बघतात, म्हणून बेसवालीने एक केलं जे मला सुचलं नव्हतं. व्हर्समध्ये स्नेअर पडायच्या क्षणी ती तार दाबून बंद करते. पूर्ण सूर वाजू न देता स्नेअरसाठी जागा. काही आवाज न वाढवता स्नेअर दुप्पट मोठा वाटायला लागला. मी सगळ्यांना बसवून ते ऐकवलं, ड्रमरने अर्थातच श्रेय स्वतःकडे घेतलं.

१८ फेब्रुवारी

गिटार सुरू. पहिलं काम: गेन (आवाज किती फाटायचा ते) कमी. मग परत कमी. एकटी ऐकली तर गिटार आता किरकोळ वाटते आणि हेच पाहिजे, कारण चार ट्रॅक एकमेकांवर चढले की प्रत्येकाचा फाटलेपणा पण चढतो.

पॉवर कॉर्डबद्दल बेसवालीने विचारलं की आपण सारखं तेच दोन सूर का वाजवतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, ग नाहीच. सा आणि प चं प्रमाण २ ला ३. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो, ३ वजा २ म्हणजे १, म्हणजे बरोबर खालचा सा. फुकटात एक सप्तक खालचा सूर मिळतो, म्हणून दोन बोटांची कॉर्ड एवढी दणदणीत वाटते. त्यात ग घातला की गडबड सुरू, कारण गिटारच्या पट्ट्यांवरचा शुद्ध ग नैसर्गिक ग पेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, प फक्त २ सेंट उतरलेला. साध्या आवाजात १४ सेंट कोणी मनावर घेत नाही, डिस्टॉर्शनमध्ये मात्र ते फरकाचे सूर एकमेकांशी भांडतात आणि कॉर्ड लटपटते. म्हणून ग द्यायचा तो गायकाने किंवा वेगळ्या साफ गिटारने. बीथोव्हनला हे करायला आख्खा ऑर्केस्ट्रा लागला असता, आपल्याकडे एक पेडल आहे.

डबल ट्रॅक: तेच पुन्हा वाजवायचं, एक टोकाला डावीकडे, एक उजवीकडे. ड्रमरने विचारलं कॉपी-पेस्ट का नाही करत. तर कॉपी केली की दोन्ही बाजूंना हुबेहूब तेच, कानाला ते मधूनच येतंय असं वाटतं, फक्त मोठं. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकातून. फरक फार झाला तर मात्र सुरुवात विस्कटते. आणि शेवट तर अजूनच. दोन्ही गिटार एकदम सुरू करणं जमतंच हो सरावाने, एकदम थांबवणं अवघड. डाव्या हाताने तार दाबून आणि उजव्या तळव्याने, दोन्हीने एकदम.

२० फेब्रुवारी

ट्यूनिंग. जोरात फटका मारला की तार ताणली जाऊन सूर क्षणभर वर जातो आणि मग खाली येतो. आपण तर फक्त जोरातच मारतो. म्हणून ट्यून करताना हळू छेडून नाही, गाण्यात मारतो तेवढ्याच जोराने मारून ट्यूनरची सुई बघायची. जाड तारा लावल्या त्याही याच कारणाने. दर टेकनंतर ट्यूनिंग, कंटाळा आला तरी.

ऑक्टेव्ह लाइन्स (सा आणि वरचा सा, मधली तार बोटाने मुकी) सगळ्या आजच संपवल्या. या लाइन्सवर माझा जरा जास्तच जीव आहे, त्यामुळे तीन गाण्यांतून काढल्या पण. प्रत्येक कोरसमध्ये ती आली की तिचं काही वाटेनासं होतं.

२१ फेब्रुवारी

ग्रीन डे या बँडच्या गिटारच्या आवाजाबद्दल तासभर गप्पा, काम शून्य. एवढंच लिहितो: त्यांचा गायक-गिटारवाला बिली जो आर्मस्ट्राँगची ती निळी गिटार म्हणजे फर्नांडिस कंपनीची फेंडर स्ट्रॅटोकास्टरची नक्कल, ब्रिजच्या बाजूला सेमूर डंकन जेबी पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बसवलेला, पुढे मार्शलचा अँप. महागडं, दुर्मिळ असं त्यात फार काही नाही. बाकी सगळा हात.

४ मार्च

गाणं. म्हणजे गायन. गायकाचा नाकातला आवाज हा आमच्या बँडचा जुना वाद. मला तो हवाय, कारण चार फाटलेल्या गिटारींतून छातीचा गोल आवाज वर येत नाही, नाकातला येतो. २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये कानाला सगळ्यात चांगलं ऐकू येतं आणि नाकातला आवाज नेमका तिथेच बसतो. प्रमाणात मात्र. व्हर्सला साधं बोलल्यासारखं, कोरसला थोडं नाकात, आणि मुद्दाम अमेरिकन पोराची नक्कल अजिबात नको, मराठी 'र' तसा गोल केला की फजिती होते. गंमत म्हणजे बिली जो कॅलिफोर्नियाचा, आणि त्याच्यावर ब्रिटिश ढंगात गातो म्हणून कायम टीका. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच कोणाची तरी नक्कल करतोय.

कोरसला डबल, आणि तिसऱ्या कोरसला वरच्या तिसऱ्या सुराची हार्मनी, ती बेसवाली गाते. पहिल्या कोरसमध्ये हार्मनी नाही, काहीही झालं तरी नाही. आधीच सगळं दिलं तर शेवटी काय देणार.

श्वास कापायचे नाहीत. कोणीतरी सुचवलं की स्वच्छ करून टाक. पण एवढ्या वेगात गाणारा माणूस धापा टाकणारच, श्वास काढले की यंत्र गातंय असं वाटतं. फक्त ओळीच्या आधीचा श्वास थोडा खाली घेतला, कारण कंप्रेसर (मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणतो तो) त्यालाच नेमका वर उचलून ठेवतो.

९ मार्च

ग्रुपने ओरडायचे भाग. खोलीत एकच माइक, सगळे त्याच्यापासून चार-पाच पावलं लांब, दर टेकला जागा बदलायच्या आणि एकाने मुद्दाम बेसूर नसलं तरी बेफिकीर राहायचं. ते काम ड्रमरकडे, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. एका टेकमध्ये तिघंचौघं, असे चढवत नेले की गर्दी होते. इथे पण शेवटाचं लफडं: शेवटच्या अक्षरावर कोणी आधी थांबतो, कोणी लांबवतो. हात वर करून खाली आणला की गप्प, असं ठरवल्यावर जमलं.

१५ मार्च

संथ गाण्याचा निकाल. दहा गाण्यांच्या धावपळीत एक तरी अकूस्टिक असावं ही या प्रकारातली जुनी रीत. मला रीत म्हणून नको होतं. गाणं मात्र चांगलं आहे, शब्द तर अल्बममधले सगळ्यात चांगले. अखेर ठेवायचं ठरलं, दोन मिनिटांच्या आत, ड्रम्स अर्ध्या चालीत आणि फक्त शेवटी. कोणाला अजून काही वाटत असेल तर मिक्सच्या आधी बोला.

२६ मार्च

मिक्स, चालू. गेले बरेच दिवस नोंद नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं एक डेसिबल वर, अर्धा खाली.

काम कसं चाललंय ते सांगतो. एकच छोटा स्पीकर, मोनो (डावं-उजवं एकत्र), अगदी हळू आवाज. त्यात शब्द, स्नेअर आणि गिटारची चाल कळली तर मोठ्यावर कळणारच. संदर्भाला दुसऱ्यांचे अल्बम लावतो ते आधी आपल्या मिक्सएवढ्या आवाजावर आणून, कारण मोठं ते चांगलं वाटतंच, कानाची खोड आहे ती.

गिटार व्हर्समध्ये एकाच बाजूला, दुसरी प्री-कोरसला येते. कोरस मोठा वाटावा म्हणून कोरस वाढवायची गरज नाही, व्हर्स लहान ठेवला की झालं. ३ हजार हर्ट्झला गिटार थोड्या दाबल्या, तिथे गायक. रूम माइक (खोलीचा आवाज घेणारे) भरपूर दाबून फक्त फिल्समध्ये आणि कोरसमध्ये उघडतो, व्हर्सला बंद, त्यामुळे ड्रम्स जवळ येतात-लांब जातात. रिव्हर्ब (घुमारा) अगदी तोकडा, पुढचा ठोका यायच्या आत संपणारा. लांब रिव्हर्ब लावला की मोकळ्या जागा परत भरून येतात आणि जानेवारीपासून केलेलं सगळं पाण्यात.

स्नेअरखाली सँपल घातलाय, हो. खोटं वगैरे काही नाही, आमच्याच स्नेअरचा, सेशनच्या सुरुवातीला मुद्दाम एकेक फटका रेकॉर्ड करून ठेवलेला. सिंबलचा कचरा नसलेला साफ ठोका, फक्त आधाराला.

गायकाला पहिली मिक्स कोरडी वाटली, परत करू म्हणाला. करू की. १९९४ च्या 'डुकी' ची पहिली मिक्स ग्रीन डेला पटली नव्हती, परत केली, जेरी फिनने. त्याच फिनने पुढे १९९९ ला ब्लिंकचा 'एनिमा ऑफ द स्टेट' प्रोड्यूस केला आणि तो मिक्स केला टॉम लॉर्ड-ॲल्जीने. दोन्ही लागोपाठ ऐकले की पाच वर्षांत या प्रकाराचा आवाज कुठून कुठे गेला ते कळतं. पहिल्यात एका खोलीतले तिघं, दुसऱ्यात प्रत्येक ठोका पॉलिश केलेला. आपण मध्ये कुठेतरी, पण पहिल्याच्या जास्त जवळ. दुसऱ्यासारखं करायला जायचं तर ट्रॅव्हिस बार्कर पाहिजे (ड्रमरने हे वाचू नये).

९ एप्रिल

क्रम आणि गाण्यांमधल्या जागा. बाहेरच्या माणसाला वाटेल याला दिवस कशाला, पण आमचा अख्खा दिवस गेला आणि सगळ्यात जास्त आवाज आजच चढले.

थोडेसे विनाइल काढतोय, म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी १५ मिनिटांच्या आसपास. ३३ च्या तबकडीचा फिरण्याचा वेग सारखाच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास खाच जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे वरचे सूर, स-श चे आवाज, सिंबल, सगळं आतल्या गाण्यांत खरखरायला लागतं. म्हणून सगळ्यात चकचकीत गाणं प्रत्येक बाजूला पहिलं आणि संथ गाणं दुसऱ्या बाजूच्या शेवटी. गायकाला ते संथ गाणं मधे हवं होतं, भावनेच्या दृष्टीने त्याचं बरोबर पण होतं, पण खाच भावना बघत नाही. बाजू छोट्या असल्यामुळे अगदी आतपर्यंत जावं लागणारच नाही, त्यामुळे तसं फार बिघडलं नसतं हेही खरं, पण मला त्या गाण्याने शेवट करायचा होता आणि हे कारण आयतं सापडलं.

गाण्यांमधल्या जागा: ठराविक दोन सेकंद नाही. आधीच्या गाण्याच्या चालीत मनात मोजायचं आणि पुढचं गाणं बरोबर मात्रेवर सुरू. तिसऱ्या आणि चौथ्यात अजिबात जागा नाही, स्नेअरवर एक संपतं आणि त्याच्याच पुढच्या ठोक्याला दुसरं सुरू. सहाव्यानंतर मात्र पूर्ण चार मात्रा गप्प. ते ऐकताना ड्रमर म्हणाला फाइल अडकली का. म्हणजे जमलंय.

१६ एप्रिल

मास्टरिंगला दिलं. तिथल्या दादाने पहिलाच प्रश्न विचारला, किती लाउड पाहिजे. मी म्हटलं तुम्हीच बघा पण ड्रम्सचा फटका मरू देऊ नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४ एलयूएफएसला (सरासरी आवाजाचं माप) आणून ठेवतं, म्हणजे आपण लिमिटरने (आवाजाची टोकं दाबतो तो) चेपून उणे ६ ला नेलं तरी ते तिथे आठ डेसिबल खाली ओढणार, आवाज त्यांच्याएवढाच राहणार आणि चेपलेला ठोका चेपलेलाच. तरी उणे १४ ला पण थांबायचं नाही, कारण या प्रकाराला थोडा दाब शोभतो, त्याशिवाय गिटार चिकटत नाहीत एकमेकींना. कानाला बरं वाटतं तिथे थांबायचं. वरचं टोक उणे १ डेसिबलवर, म्हणजे एमपी३ वगैरे होताना फुटायची भीती कमी.

अल्बम सलग लावला की तिथे सगळ्या गाण्यांना एकच माप लागतं, त्यामुळे संथ गाणं उगाच मोठं होऊन बसणार नाही. हे बघून ठेवलं होतं आधी.

विनाइलसाठी वेगळा मास्टर: लिमिटर जवळपास नाही, खालचे सूर मोनो, स-श दाबलेले.

२ मे

कागदपत्रं. कंटाळवाणं पण नंतर यावरूनच बँड फुटतात.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी, १२ अक्षरी कोड. रेकॉर्डिंगला, गाण्याला नव्हे. एका गाण्याची शिव्या काढलेली आवृत्ती करतोय, तिला वेगळा कोड लागणार. अल्बमला वेगळा बारकोड.

हिश्शांचं लेखी झालं. गाणं लिहिण्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा हे ड्रमरला समजावता समजावता दुपार गेली. शेवटी रेकॉर्डिंग चौघांचं समान, लिखाण मात्र गाण्यागणिक, ज्याने शब्द-चाल केली त्याचं. बेसवालीच्या त्या स्नेअरवर थांबायच्या युक्तीला लिखाण म्हणायचं का यावर खरोखर चर्चा झाली. कायद्याने बहुधा नाही. आम्ही दिलं.

शुक्रवारी रिलीज. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन रेकॉर्ड्स शुक्रवारीच येतात, वेगळं शहाणपण नको. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आपण महिनाभर आधी टाकतोय. कुठलं पाठवायचं? सगळ्यांचं मत २०० बीपीएम वालं. माझं मत १७४ वालं, कारण फोनच्या स्पीकरवर दोन्ही लावून बघितली आणि तेच जास्त पळतंय. मतदान तीन विरुद्ध एक, मग परत फोनवर ऐकवलं, मग दोन-दोन, मग गायकाच्या पोरीला विचारलं, तिने १७४ वर उडी मारली. १७४ फायनल.

२३ मे

टेस्ट प्रेसिंग (विनाइलची नमुना तबकडी) आलं. दोन वेगवेगळ्या प्लेअरवर, वेगवेगळ्या सुयांनी ऐकायचं, नाहीतर दोष तबकडीचा की सुईचा ते कळत नाही. पहिली बाजू साफ. दुसऱ्या बाजूला चौथ्या गाण्यात, ग्रुपने ओरडतात तिथे, 'स' थोडा थुंकल्यासारखा येतो. साध्या सुईवर येतो, चांगल्या सुईवर नाही. आपले ऐकणारे साध्या सुईवालेच, त्यामुळे त्या भागाचा डी-एसर (स-श दाबणारा) वाढवून ती बाजू परत कापायला सांगितली, दोन आठवडे लांबलं. डिजिटल रिलीज ठरल्या तारखेला, विनाइल मागाहून.

पुढच्या आठवड्यापासून लाइव्हची प्रॅक्टिस. सहाव्या गाण्यानंतरच्या चार मात्रा स्टेजवर पण गप्प राहायचं आहे, ड्रमरने काठ्या आपटून मोजायचं नाही.